लंडन ते ब्रायटन सायकलफेरी : सहकुटुंब ५४ मैल

दक्षिण लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनपासून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर, सायकल चालवत जायचे आणि त्या निमित्ताने आप्तेष्टांकडून ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या हृदयरोगासंबंधी काम करणाऱ्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या, असे या सायकलफेरीचे स्वरूप आहे. फेरीची सुरुवात १९७६ साली झाली आणि १९८० पासून ती या संस्थेशी जोडली गेली. करोनामुळे २०२० साली ती झाली नाही. एरवी ती जून महिन्यातल्या एका रविवारी, बहुतेक वेळा इथल्या ‘फादर्स डे’च्याच रविवारी, निघते. आम्ही चौघे, म्हणजे मी, माझा नवरा, सोळा वर्षांची मुलगी आणि धाकटा दीर, या फेरीत उतरलो. आमच्यापैकी एकही जण सराईत सायकलपटू नाही. सहकुटुंब जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी घरांना उपयोग व्हावा म्हणून नोंदणीपासून परतीपर्यंतचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी आम्ही का गेलो ते सांगते, कारण त्यावाचून पुढचे मत नीट कळणार नाही. माझ्या बाबांनी एकतीस वर्षे नारायण पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने ये-जा केली. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि पाळी सुटण्याच्या वेळेला रस्ताभर सायकलीच सायकली असत. अशा माणसाला हृदयविकाराचा झटका येईल असे आम्हा कुणाच्या मनातही नव्हते. तीन वर्षांपूर्वी पहाटे त्यांच्या जबड्यात आणि डाव्या खांद्यात दुखू लागले. दाढ दुखते आहे असे समजून ते दोन तास बसून राहिले. वेळेत अँजिओप्लास्टी झाली म्हणून आज ते आमच्यात आहेत. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयरोगाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा अधिक असतो, आणि अंगकाठी सडपातळ असली तरी मधुमेह आणि घराण्यातला इतिहास यांमुळे तो वाढतो, हे मला त्यांच्या आजारपणानंतर या संस्थेने प्रसिद्ध केलेली माहिती वाचताना नीट कळले. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना ही संस्था बहुधा जुन्या वस्तूंच्या दुकानांमुळे ठाऊक असते. घर बदलताना सोफा आणि पुस्तके तिथे नेऊन देणारे पुष्कळ आहेत. परंतु १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य काम हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील संशोधनाला पैसा पुरवणे हे आहे. शिवाय बंद पडलेल्या हृदयाला छाती दाबून चालना कशी द्यावी, याचे पंधरा मिनिटांचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षणही ती देते. फेरीला जा अथवा न जा, ते प्रशिक्षण प्रत्येक घराने घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही ते उशी आणि मोबाइल घेऊन दिवाणखान्यात केले.

नोंदणी ऑनलाइन होते आणि त्यात अवघड असे काही नाही. मात्र दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे प्रवेशशुल्क आणि देणगी या दोन वेगळ्या बाबी आहेत. शुल्क भरले म्हणजे दान झाले असा आमच्या ओळखीतल्या काहींचा समज होता, तो चुकीचा आहे. शुल्कातून रस्त्यावरच्या व्यवस्थेचा खर्च भागतो, आणि संस्थेच्या कामाला खरा हातभार लागतो तो तुम्ही गोळा केलेल्या देणगीचा. दुसरी गोष्ट सुटण्याच्या वेळेची. सायकलस्वारांना पहाटेपासून टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळेचा टप्पा घेतला नाही तर क्लॅपहॅमलाच ताटातूट होते. वयाची अटही मुलांची नावे घालण्यापूर्वी वाचून घ्यावी, म्हणजे त्यांचा हिरमोड होणार नाही.

देणगीबद्दल थोडे अधिक लिहिते. देणगी देणारा ब्रिटनमध्ये कर भरणारा असेल आणि त्याने ‘गिफ्ट एड’च्या चौकटीत खूण केली, तर सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला अधिक देते, म्हणजे २० पौंडांचे २५ होतात आणि देणाऱ्याला एक पैही जास्त पडत नाही. पुण्याहून मावशीने आणि सांगलीहून आत्याने पाठवलेल्या पैशांना मात्र ही सवलत लागू होत नाही, कारण त्या इथे कर भरत नाहीत. आम्ही आधी सगळ्यांना सरसकट खूण करायला सांगितले होते, ते नंतर दुरुस्त करावे लागले. त्याचप्रमाणे मुलीने शाळेत केक विकून जे पैसे जमवले तेही त्यात बसत नाहीत. वस्तूच्या मोबदल्यात दिलेला पैसा देणगी ठरत नाही. या बारकाव्यांकडे लक्ष दिले तर त्याच कष्टात संस्थेला पुष्कळ जास्त मिळते. पैसे मागायला संकोच वाटतो, तो मलाही वाटला. मग मी बाबांच्या आजारपणाची हकीकत चार ओळींत लिहून पाठवली आणि त्यानंतर कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही.

सायकलींची तयारी हा भाग आम्हाला सर्वांत जड गेला, आणि त्यात आयोजकांचा काहीही संबंध नाही. घरात तीन सायकली होत्या. चौथी, मुलीसाठी, आम्ही एका दुकानातून तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली. दिसायला चकचकीत, नवा रंग, नवी सीट. बाबा तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले होते. शनिवारी चहा झाल्यावर त्यांनी लुंगी खोचली, अंगणात स्टूल घेतले आणि चारही सायकली एकामागोमाग एक तपासल्या. टायरमधली हवा ते अंगठ्याने दाबून पाहतात. पंपावरच्या काट्याने नंतर जे दाखवले त्यात आणि त्यांच्या अंगठ्यात फरक पडला नाही. भाड्याच्या सायकलीपाशी ते थांबले, मागचे चाक हाताने फिरवून ब्रेक दाबला, आणि चाक थांबायला जो वेळ लागला तो त्यांना आवडला नाही. “हे गुटके पार झिजलेत गं,” ते म्हणाले, “सपाटीवर कळणार नाही, उतारावर दगा देतील.” मी वाकून पाहिले. रबरी गुटक्यांवरच्या खाचा पूर्ण पुसल्या गेल्या होत्या आणि एका बाजूला आतला धातू चमकू लागला होता. दुकानाला फोन केला तर दुसरी सायकल शिल्लक नाही असे उत्तर मिळाले, आणि गुटके बदलून देण्याचीही तयारी त्यांनी दाखवली नाही. अखेर दिराने धावपळ करून नवे गुटके आणले आणि बाबांनी स्वतः ते बसवले. भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी ती किमान तीन-चार दिवस आधी ताब्यात घ्यावी आणि रंग पाहण्याऐवजी ब्रेक, चेन आणि टायर पाहावेत, एवढे या प्रसंगावरून मी निक्षून सांगेन. वेळ हाताशी असता तर ती सायकल मी परतच केली असती.

सायकलच्या जातीबद्दल विचाराल तर महागड्या रेसिंग सायकलीची गरज नाही. आमच्या चारही सायकली सरळ हँडलच्या, हायब्रिड प्रकारच्या होत्या आणि आजूबाजूला तशाच पुष्कळ दिसल्या. मात्र चढासाठी खरोखर हलका गिअर हवा, म्हणजे मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला भरपूर दाते हवेत. नवऱ्याच्या सायकलीला तसा गिअर नव्हता आणि त्याचे गुडघे त्याला दोन दिवस ते सांगत राहिले.

रविवारी सकाळी पावणेसातला आम्ही क्लॅपहॅम कॉमनवर पोहोचलो. त्या विस्तीर्ण हिरवळीवर हजारो माणसे सायकली हातात धरून उभी होती, तरी धक्काबुक्की नव्हती. आपापल्या वेळेप्रमाणे रांग पुढे सरकत होती आणि स्वयंसेवक शांतपणे वाट दाखवत होते. आमच्या मागे सत्तरीचे एक जोडपे दोन सीटच्या जोडसायकलीवर होते, पुढे एकाच कचेरीतली तरुण मंडळी होती. आम्ही सव्वासातला सुटलो.

पहिले आठ-दहा मैल शहराचेच आहेत. टूटिंग, मिचम, कार्शाल्टन अशी उपनगरे मागे पडत जातात. टूटिंगमध्ये दाक्षिणात्य उपाहारगृहांच्या पाट्या दिसू लागल्या तेव्हा मुलीला इडलीची आठवण झाली, पण एवढ्या सकाळी ती दारे बंद होती. या पट्ट्यात सिग्नलना थांबावे लागते. सगळा मार्ग मोटारींसाठी बंद असतो असे समजून कुणी येऊ नये. काही ठिकाणी वाहतूक चालू असते आणि मुलांना बरोबर घेऊन जाणाऱ्यांनी एक मोठे माणूस पुढे आणि एक मागे अशी रचना ठेवावी. आम्ही दिराला पुढे आणि मला मागे ठेवले होते.

यानंतर या मार्गाची खरी ओळख होते. लंडनच्या दक्षिणेला खडूच्या दगडाची एक डोंगररांग आहे, तिला नॉर्थ डाउन्स म्हणतात. तशीच दुसरी रांग, साउथ डाउन्स, समुद्राच्या अलीकडे आहे. आणि दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा आणि वालुकाश्माचा उंचसखल प्रदेश पसरला आहे. म्हणून लंडनहून ब्रायटनला सायकलने जाणे म्हणजे आधी एक रांग ओलांडणे, मग मधल्या टेकड्यांची सतत चढउतार सोसणे, आणि पाय थकलेले असताना सर्वांत उभी रांग शेवटी चढणे. नकाशात लंडन ते ब्रायटन ही रेघ सरळ आणि सोपी दिसते. मार्गाचा उंचीचा आलेख मात्र सरावाला सुरुवात करण्याआधीच एकदा डोळ्यांखालून घालावा. आम्ही तो पाहिला आणि सरावासाठी सपाट कालव्याकाठचा रस्ता सोडून मुद्दाम रिचमंड पार्कातले चढ निवडले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा. शेवटच्या दोन रविवारी ४० आणि ४५ मैल. एवढा सराव आमच्यासारख्यांना पुरेसा ठरला.

चिपस्टेडच्या बाजूचा चढ पार केला की शहर संपते आणि गल्लीएवढे अरुंद ग्रामीण रस्ते सुरू होतात. दोन्हीकडे माणसापेक्षा उंच कुंपणाची झाडी, वर फांद्यांचे छत. सौंदर्याच्या दृष्टीने हा सगळ्या मार्गातला सर्वांत मनोहर भाग आहे, पण गर्दी इथेच दाटते. रस्ता अरुंद झाला आणि त्यात छोटा चढ आला, की पुढचा एक जण उतरतो, त्याच्या मागचे दहा जण उतरतात, आणि मग शंभर माणसे सायकल हातात धरून चालू लागतात. आम्ही अशा जागी तीनदा उतरलो. त्या रस्त्यांची रुंदीच तेवढी आहे, त्यामुळे याबद्दल कुणाला दोष देता येत नाही, परंतु ज्यांना वेळेत अंतर कापायचे आहे त्यांनी अगदी पहाटेचा टप्पा घ्यावा. आम्हाला वेळेशी झुंजायचे नव्हते. उलट, उतरून चालताना मुलीशी जेवढे बोलणे झाले तेवढे गेल्या कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

वाटेतल्या खाण्यापिण्याची सोय चांगली आहे आणि तिचे स्वरूप मला फार आवडले. गावोगावच्या शाळा, चर्च, स्काउटची पथके, क्रिकेट क्लब आपापल्या आवारात टेबले मांडून चहा, केक, केळी विकतात आणि त्यातून आपल्या गावच्या कामासाठी चार पैसे उभे करतात. शाकाहारी मंडळींनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी : गरम काही हवे असेल तर सकाळच्या वेळी बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाचे पाव मिळतात, आणि त्याशिवाय जे उरते ते गोड असते. दिवसभर केक खाऊन सायकल चालवता येत नाही. तोंडाला गोडाचा कंटाळा येतो आणि घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही. आम्ही भाजणीचे थालीपीठ लोणच्याची फोड घालून गुंडाळून घेतले होते, शिवाय शेंगदाण्याचे लाडू आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. साधारण मध्यावर टर्नर्स हिल नावाचे गाव येते. ते वालुकाश्माच्या उंच कण्यावर वसलेले असल्यामुळे तिथे पोहोचताना चढ लागतो, आणि म्हणूनच विसाव्यासाठी जवळजवळ सगळे तिथल्या हिरवळीवर थांबतात. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी थालीपीठ कशाचे करतात ते विचारले, तेव्हा दिराने भाजणीत काय काय असते ते सांगायला सुरुवात केली आणि धान्ये-डाळींची इंग्रजी नावे आठवताना त्याला मुलीची मदत घ्यावी लागली. जाताना त्यांना अर्धे थालीपीठ दिले.

टर्नर्स हिल आणि आर्डिंग्ली यांच्यामध्ये वेकहर्स्टचे उद्यान आहे, जिथे लंडनमधल्या क्यू येथील वनस्पतिउद्यानाने २००० साली जगभरच्या रानटी वनस्पतींच्या बियांची पेढी उभारली. फेरीच्या दिवशी आत जायला वेळ नसतो, पण त्या निमित्ताने नाव कळले आणि पुढे एका शनिवारी आम्ही मुद्दाम जाऊन ते पाहिले.

सायकल बिघडली तर काय, ही धास्ती सगळ्यांनाच असते. वाटेत ठिकठिकाणी दुरुस्ती करणारे कारागीर असतात. आर्डिंग्लीच्या पुढे दिराची चेन अडकून वाकली तेव्हा पुढच्या थांब्यावरच्या मुलाने ती दहा मिनिटांत सरळ करून दिली. पंक्चर मात्र स्वतः काढता आले पाहिजे. दोन जास्तीच्या ट्यूब, टायर उचकटायचे दोन प्लास्टिकचे चमचे आणि हातपंप एवढे प्रत्येकाने नाही तरी प्रत्येक कुटुंबाने जवळ ठेवावे. वैद्यकीय मदतीची पथकेही दिसत राहतात. त्यांची गरज आम्हाला पडली नाही, तरी मुलांना घेऊन गेलेल्या आईला ती नुसती दिसण्याने किती धीर येतो हे मी सांगू शकते.

आता डिचलिंग बीकनविषयी. ज्यांनी ही फेरी केली आहे ते भेटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतात : बीकन चालवत चढलात की चालत? साउथ डाउन्सच्या रांगेवरची ही टेकडी २४८ मीटर उंच आहे आणि ईस्ट ससेक्स परगण्यातली ती सर्वांत उंच जागा आहे. डिचलिंग गाव सोडले की ती समोर हिरव्या भिंतीसारखी उभी राहते. चढ लांबीला जेमतेम दीड किलोमीटर आहे. सिंहगडाचा घाटरस्ता याच्या कितीतरी पट लांब आहे, त्यामुळे पुण्याकडच्या सायकलस्वारांना आकडा ऐकून काही वाटणार नाही. पण सिंहगडाच्या पायथ्याशी कुणी ७५ किलोमीटर तुडवून पोहोचत नाही. इथे तो चढ पंचेचाळीस-सत्तेचाळीस मैलांनंतर येतो, काही वळणांवर तो फार उभा आहे, आणि खालच्या भागात दोन्हीकडून झाडी असल्यामुळे किती उरला हे दिसत नाही.

दीर चालवत वर गेला. नवरा दुसऱ्या वळणावर उतरला. मी पायथ्यापासून शंभर पावलांवरच उतरले, कारण पोटऱ्यांत गोळे येऊ लागले होते आणि मुलीच्या मागे राहायचे होते. मुलगी जवळजवळ दोन तृतीयांश चढ चालवत चढली, मग उतरली, थोडी चालली, आणि झाडी संपून वरचे आकाश दिसू लागल्यावर पुन्हा सायकलवर बसली. एका कडेने चालणारे, दुसऱ्या कडेने चालवणारे, असे आपोआप दोन ओघ झाले होते. चालण्याच्या गतीने गेले की पुढच्यांच्या पाठी वाचता येतात. बहुतेकांनी शर्टाच्या मागे कुणाकुणाची नावे लिहिली होती. माझ्या पुढे चालणाऱ्या बाईंच्या पाठीवर एक फोटो होता, प्लास्टिकच्या पाकिटात घालून चार सेफ्टीपिनांनी टाचलेला, आणि पाकिटाच्या आत घामाची वाफ धरली होती. फोटोत शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता. खाली नाव आणि दोन सालं, त्यांत चौदा वर्षांचे अंतर. मी काही विचारले नाही. वरपर्यंत मी त्यांच्या मागेच चालले.

माथ्यावर आइस्क्रीमची गाडी उभी असते आणि तिच्यापुढे लांब रांग असते. तिथून मागे वळून पाहिले की दिवसभर तुडवलेला मधला सगळा प्रदेश एका दृष्टिक्षेपात दिसतो आणि पुढे, निळसर पट्टी होऊन, समुद्र. आम्ही चौघे तिथे गवतावर आडवे झालो. बाबांना फोन लावला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “ब्रेक कसा लागतोय?”

त्या प्रश्नाला अर्थ होता. माथ्यापासून ब्रायटनकडचा रस्ता उतरता आहे, आणि दमलेली, आनंदलेली माणसे तिथे फार वेगाने सुटतात. आमच्या डोळ्यांदेखत एक तरुण वळणावर घसरून गवतात गेला. सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पुसट गुटक्यांची ती सायकल तशीच घेऊन मुलगी या उतारावर आली असती तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. बीकनची धास्ती सगळे घालतात, उताराविषयी कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलते आहे. मुलांना उताराच्या आधी थांबवून, दोन्ही ब्रेक थोडे थोडे, एकदम न दाबता वापरायला सांगावे आणि मोठ्या माणसाने त्यांच्या पुढे राहावे.

फेरी समुद्रालगतच्या मडेरा ड्राइव्हवर संपते. जुन्या मोटारींची, १८९६ साली पहिल्यांदा निघालेली प्रसिद्ध लंडन-ब्रायटन फेरीही याच रस्त्यावर येऊन पोहोचते, त्यामुळे जागेला एक परंपरा आहे. शेवटच्या अर्ध्या मैलावर दोन्हीकडे लोक उभे राहून टाळ्या वाजवत असतात, आणि ते आपल्याच माणसांसाठी नव्हे तर येणाऱ्या प्रत्येकासाठी वाजवतात. आम्ही दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे विसाव्यांसकट पावणेनऊ तासांनी पोहोचलो. गळ्यात पदक घातले गेले. आई-बाबा ट्रेनने येऊन कठड्यापाशी उभे होते. आईने आधी नातीला जवळ घेतले, मग डब्यातल्या दशम्या काढल्या. बाबांनी नातीच्या हातून सायकल घेतली, मागचे चाक उचलले, रिमला बोट लावून ती किती तापली आहे ते पाहिले आणि चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबले. मुलीने पदक काढून त्यांच्या गळ्यात घातले तेव्हा मात्र त्यांना बोलता येईना.

परतीचा भाग हा या दिवसाचा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि तो ज्याचा त्याने आधीच पक्का करायला हवा. फेरीच्या दिवशी लंडन-ब्रायटन मार्गावरच्या ट्रेनमध्ये सायकली घेत नाहीत. एवढ्या हजारो सायकली कुठल्याही गाडीत मावणे शक्य नाही, हे समजण्यासारखे आहे. आयोजकांमार्फत माणसांसाठी बस आणि सायकलींसाठी मालट्रक अशी सोय आगाऊ नोंदवता येते, पण आम्ही ती पाहिली तेव्हा उशीर झाला होता, आणि ती चूक सर्वस्वी आमची. मग आम्ही एका खासगी व्हॅनवाल्याशी ठरवले. तो पाचऐवजी सात वाजता आला, सायकली मध्ये काहीही न घालता एकमेकींवर रचल्या आणि घरी उतरवताना माझ्या सायकलीचा मागचा गिअर वाकलेला निघाला. दुरुस्तीचे पैसे मागितल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले. जूनमध्ये इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो म्हणून दोन तासांची ती वाट पाहणे सुसह्य झाले, तरी घामाने भिजलेल्या कपड्यांत समुद्रावरचा वारा चांगलाच झोंबतो. सगळ्यांसाठी कोरड्या कपड्यांची एक पिशवी स्वागताला येणाऱ्या माणसाकडे देऊन ठेवावी. नोंदणी करतानाच, त्याच बैठकीत, परतीची जागा राखावी. ती मिळाली नाही तर ओळखीतल्या कुणाची मोठी गाडी आणि सायकल टांगायची चौकट यांची जुळवाजुळव करावी.

ज्या घरातल्या मुलांना सलग ४० मैल सायकल चालवण्याचा सराव झालेला आहे आणि ज्यांना वाटेत उतरून चालण्यात कमीपणा वाटत नाही, त्यांनी ही फेरी अवश्य करावी. लहान मुले असतील तर आणखी काही वर्षे थांबावे. हा दिवस लांब आहे आणि गर्दीतले अरुंद रस्ते लहानांसाठी नाहीत. वेगाची हौस असणाऱ्यांनी दुसरीकडे जावे, इथे त्यांची चिडचिड होईल. ज्यांच्या घरात कुणी अलीकडेच हृदयविकारातून उठले आहे आणि ते स्वतः चालवू इच्छितात, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाव घालू नये. बाबांनाही यायचे होते. त्यांच्या डॉक्टरांनी रोज अर्धा-पाऊण तास सपाटीवर सायकल चालवायला हरकत नाही असे सांगितले आहे, आणि सध्या ते पुण्यात, सकाळी सहाला, रहदारी वाढण्याच्या आत, तेवढी चालवतात.

देणग्या गोळा करण्याचे पान फेरीनंतरही काही काळ उघडे राहते, आणि आमची सगळ्यांत जास्त रक्कम फेरीनंतरच्या आठवड्यात आली, मडेरा ड्राइव्हवरचा आजोबा-नातीचा फोटो पाठवल्यावर. त्यामुळे घरी पोहोचल्यावर दमून दोन दिवस झोपावे, पण तिसऱ्या दिवशी फोटो पाठवायला विसरू नये.